ताईंच्या मानेची साक्ष

मागच्या रविवारी उपासनेत पाळकसाहेबांनी जाहीर केलं, की आमच्या शेजारच्या ताईंनी अंथरुणावरून प्रभूचा स्वीकार केला. सगळे ‘हालेलुया’ म्हणाले. मी गीतांचं पुस्तक असं मिटलं, की पुढच्या बाकावरची बाई दचकली.

ताई यहुदी. मूळच्या अलिबागकडच्या; नवरा भिंगारला लष्करी कचेरीत लागला, तेव्हापासून आमची भिंतीला भिंत. दोन महिन्यांपूर्वी अर्धांगाने त्यांची वाचा गेली. मान मात्र चार वर्षांपासून लटलटते, होकारासारखी वर-खाली. चर्चचं महिला मंडळ आजाऱ्याच्या कपाळाला लावायचं तेल घेऊन प्रार्थनेला गेलं, माझी सून पुढे. ‘येशूला तारणारा मानता ना?’ मान हलली. झालं! दूधवाल्यानं ‘दहा लिटर ओतू का?’ विचारलं असतं, तरी हललीच असती.

सुनेचा राग आलाच. त्याहून जास्त आला, तो तिला हे शिकवणाऱ्या दीडशहाणीचा. म्हणजे माझा. बाविसाव्या वर्षी मी संडे स्कूलची बाई होते. वचनं तोंडपाठ, अक्कल शून्य. ताईंकडे मुलाच्या परीक्षेचा नवस फेडायला मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. एलियाहू नबीचं नाव घेऊन त्यांची हिब्रू प्रार्थना झाली. मी माझ्या बशीवर हात धरून पुटपुटले, “येशूच्या नावानं हे शुद्ध कर.”

ताईंनी ऐकलं. “अगं, आत्ताच तर देवाला सांगितलं. त्याला काय कमी ऐकू येतं?”

“पण ताई, पुत्रावाचून पित्याकडे जाता येत नाही.”

“मला कुठं जायचंय? देव एकटा, त्याला ना बायको ना पोर. त्यानं सांगितलंय ते इथं, जिवंतपणी करायचं. तुमचं आपलं सगळं ध्यान मेल्यावर काय, याच्यावर. खा गुमान.”

घरी येऊन मी त्यांच्या आत्म्यासाठी गुडघ्यांवर रडले. खरं तर वादात हरले म्हणून रडत होते.

तर त्या रविवारी मी पाळकसाहेबांना गाठलं. “ते परत घ्या.”

“आजी, तुम्हाला त्यांचं तारण नको का?”

“हवंय. पन्नास वर्षं देवाकडं मागतेय. मागतेय, चोरत न्हाई! नवरा गेला त्या शनिवारीसुद्धा शब्बाथाचा नेम मोडून जिनं उशाशी दिवा पेटवला नाही, तिची वाचा गेल्यावर तिचा देव काढून घेता?”

“आई, हळू,” सून म्हणाली. “लोक ऐकतायत.”

“हालेलुया हळू म्हटलं होतंस का?”

साहेब म्हणाले, पुढच्या रविवारी बघू. तो रविवार आज होता. हंगामाच्या सणाची वर्गणी जाहीर झाली, ताईंबद्दल चकार शब्द नाही. मग मीच उभी राहिले. “ताई यहुदी होत्या, यहुदीच आहेत. मान आजारानं हलते.” आणि कुणी काही म्हणायच्या आत बाहेर पडले.

तशीच ताईंकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांचा उजवा हात लुळा आहे. त्यांनी डावा उचलला, मोठ्या कष्टानं डोळ्यांवर ठेवला. रोज सकाळी ‘देव एकच’ ही प्रार्थना म्हणताना त्या अशाच डोळे झाकायच्या. हात घसरायला लागला, तेव्हा मी तो तिथंच धरला. मला ती प्रार्थना येत नाही. त्यांची होईपर्यंत मी मनातल्या मनात पाळकसाहेबांना शिव्या घालत उभी राहिले.