लग्नाच्या दिवशी स्पूल भरला

माझ्या धाकट्या दिराचं लग्न जिंतूरला होतं, येलदरी रस्त्यावरच्या एका मंगल कार्यालयात. मी सुट्टी घेतली होती. माझी कामाची पाळी एका सहकाऱ्यानं घेतली होती. तरी लॅपटॉप सोबत होताच. आमच्या कामात तो माहेरीसुद्धा न्यावा लागतो.

परदेशातल्या एका विमा कंपनीचा मेनफ्रेम, म्हणजे सगळा कारभार चालवणारा मोठा संगणक, मी परभणीतल्या घरून सांभाळते. त्या मशीनवर दिवसभर असंख्य कामं चालतात. प्रत्येक कामातून जे बाहेर पडतं, अहवाल, छापायची पत्रं, चुकांचे निरोप, ते आधी डिस्कवरच्या एका राखीव जागेत साठतं. तिला स्पूल म्हणतात. वाचून झालं की ज्यानं त्यानं आपलं पुसावं अशी अपेक्षा असते, आणि कुणी पुसत नाही. ती जागा पूर्ण भरली की चालू कामं अडकतात, नवी सुरू होत नाहीत आणि बाहेरच्या माणसाला आत शिरताही येत नाही.

नवरदेव मारुतीच्या पाया पडायला गेला होता, तेव्हा साहेबांचा फोन आला. पाळीवरचा सहकारी तापानं झोपला होता. स्पूल नव्वद टक्क्यांच्या पुढं गेला होता आणि भरतच चालला होता.

कार्यालयाच्या मागं गाद्या आणि खुर्च्या ठेवायची एक खोली होती. तिथं मी दार लोटून घेतलं. लॅपटॉपला इंटरनेट फोनवरूनच घ्यायचं होतं. रेंज फक्त खिडकीशी मिळत होती, आणि खिडकी उंच, फोन टेकवायला जागा नाही. एका हातानं फोन वर धरून दुसऱ्या हातानं मी खुर्च्यांच्या थप्पीवरच्या लॅपटॉपवर कशीबशी आत शिरले.

तेवढ्यात मावशी अंतरपाट न्यायला आल्या. मावशी म्हणजे सासूबाईंची थोरली बहीण. दीर शाळेपुरता त्यांच्याकडेच राहिला होता. त्याची दुखणीखुपणी, डबा, परीक्षा, सगळं त्यांनीच काढलेलं. माझ्याबद्दल मात्र त्यांचं मत फारसं बरं नव्हतं. दिवसभर दार लावून बसते, हे कसलं काम, असं त्या चारचौघींत बोललेल्या माझ्या कानावर आलं होतं.

काय चाललंय, असं त्यांनी विचारलं. मी घाईघाईत सांगितलं, "मावशी, हा फोन खाली आला की मी बाहेर फेकली जाईन. आणि मग परत आत जाता येणार नाही."

त्यांनी दारातूनच एका पोरीच्या हाती अंतरपाट पाठवून दिला. मग माझ्याजवळ येऊन फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि खिडकीशी उंच धरला.

"मी धरते. तू कर तुझं."

सगळ्यात जास्त जागा कोण खातंय ते पाहिलं. चाचणीचं एक काम एकच ओळ पुन्हा पुन्हा लिहीत सुटलं होतं. पुण्यात नुकत्याच लागलेल्या एका सहकाऱ्याचं. त्याच्या नावावरचं सगळं एका फटक्यात पुसता आलं असतं, साहेबांनी तसं सुचवलंही होतं. पण मी आधी लॅपटॉपवरूनच त्याला फोन लावला. त्याचा आवाज खोलीभर ऐकू येत होता. त्याला धड बोलता येईना. अख्ख्या आठवड्याचे तपासलेले निकाल तिथंच पडून आहेत, दुसरीकडं कुठं ठेवले नाहीत, ते गेले तर नोकरीत कायम होणं अवघड आहे, एवढं तो कसंबसं बोलला.

पळत सुटलेलं काम मी थांबवलं. पण त्या कामानं लिहिलेलं तसंच पडून होतं, आकडा खाली येईना. त्यातली सुरुवातीची पानं दुसरीकडं काढून ठेवली, म्हणजे त्या सहकाऱ्याला आपली चूक सापडली असती. आता पुसायचं होतं, आणि त्याच्या सगळ्या कामांची नावं एकच होती. फरक फक्त क्रमांकांचा. मी एकेक क्रमांक वाचून त्याच्याकडून खात्री करून घेत होते.

बाहेर मंगलाष्टकं सुरू झाली.

मी मावशींना म्हणाले, तुम्ही जा, मी बघते कसंतरी. त्या हलल्या नाहीत.

"लगीन लागतंय त्याचं, मी तिथं असो नसो. तू तिकडं बघ."

तिसरं मंगलाष्टक चाललं असावं. पळत सुटलेल्या त्या कामाचा क्रमांक मी पुन्हा वाचला आणि तेवढाच पुसून टाकला. आकडा झरझर उतरला. बाकीची कामं चालू लागली. मग बँड वाजला आणि आम्हाला कळलं, लग्न लागलं.

मावशींचा हात खाली येईना. मी कोपर धरून हळूच उतरवला, चोळला. बोटं फोनभोवती तशीच आवळलेली होती.

बाहेर आल्याबरोबर सासूबाईंनी विचारलं, मोठी सून ऐन वेळी कुठं होती? मी तोंड उघडायच्या आत मावशी म्हणाल्या, "मला गरगरल्यासारखं झालं. मीच बसवून घेतलं तिला."

दीर नव्या नवरीला घेऊन पाया पडायला आला. म्हणाला, "मावशी, अक्षता पडताना तू दिसली न्हाईस."

मावशींनी त्याच्या गालावरून डावा हात फिरवला. "हितंच होते की. गर्दी लय होती."

मला खरं सांगावंसं वाटलं. पण त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी गप्प राहिले.

जेवायला त्यांनी मला शेजारी बसवलं. हात अजून अवघडलेला होता, म्हणून मी त्यांना पुरी तोडून दिली. त्यांनी ती मुकाट्यानं घेतली. थोड्या वेळानं हळूच विचारलं, "त्या पोराचं समदं राहिलं का पर?"

"राहिलं, मावशी."

"बरं झालं माय. लय भ्यालं होतं ते."