पायचीत आणि बाबांचं बोट

१० मे १९९८, रविवार. मुलांना घेऊन माहेरी, नाशिकरोडला आले होते. सकाळी आठलाच गच्चीवर कुरडया घालायला बसलो. आई चीक ढवळत होती, मी सोऱ्या दाबत होते, शेजारच्या काकू कागद पसरत होत्या. खाली मैदानावर आमच्या कॉलनीची निफाडच्या टीमशी सेमीफायनल चालू होती आणि अंपायर होते माझे बाबा.

अकरा वर्षं तेच अंपायर. पण यंदा कुरकुर वाढली होती. आमचा लेगस्पिनर शाळेत चित्रकला शिकवायचा, सगळे त्याला सर म्हणायचे. सरांनी अपील केलं की बाबा पायचीत देतातच, असं लोक म्हणत. पुढच्या रविवारी फायनलला बाहेरचा अंपायर आणायचा, असं कमिटीचं जवळपास ठरलं होतं. शनिवारी सेक्रेटरींसमोर मीही म्हणाले होते, "आणा. झुकतं माप देतात ते." बाबांनी ते ऐकलं होतं.

"सर ओरडले की यांचं बोट आपोआप वर," काकू म्हणाल्या. "स्प्रिंग बसवलीय जणू."

"घरात पंख्याचं बटण दाबायला सांगा, मग नाही जात वर," आई म्हणाली.

आमच्या गच्चीवरून बाबांच्या डोक्यामागून तिन्ही स्टंप सरळ दिसायचे. एरवी मी मॅच बघायची ती बाजूच्या कट्ट्यावरून. सर दोन पावलं चालत आले. बॉल लेग स्टंपच्या चांगला बाहेर पडला आणि बॅट्समनच्या पॅडवर आदळला. तिथे पडलेल्या बॉलवर पायचीत देता येत नाही, एवढं बाबांच्या मुलीला कळतं. सर ओरडलेसुद्धा नाहीत. बाबांचे हात खिशात. आणि बॅट्समन बॅट काखेत मारून निघाला!

"ए, आऊट कोणी दिलं तुला?" बाबा ओरडले.

"द्यायचं काय काका? सरांचा बॉल हाय. पॅडाला लागला म्हंजी आऊटच."

"मी दिलेलं नाही. मागे फीर."

मैदान हसलं. पोरगा परत आला, पाय पुढे टाकून उभा राहिला. पुढचा बॉल त्याच जागी पडला. मग तो त्याच्या पायांच्या मागून हातभर वळला आणि ऑफ स्टंप उखडून गेला. इतका वळलेला बॉल मी तोवर पाहिला नव्हता, नंतरही नाही. माझा सोऱ्या हवेतच राहिला, चिकाची धार कागदाबाहेर गेली. आई रागावली नाही. तीही उभी राहून बघत होती. काकूंनी नकळत हात जोडले.

पोरगा मात्र जागचा हलेना. बाबांच्या बोटाकडे बघत राहिला.

"आता जा," बाबा म्हणाले.

म्हणजे वर्षभर आम्ही ज्याला बाबांचं झुकतं माप म्हणत होतो, ते सरांच्या मनगटात होतं. समोरचे खेळायच्या आधीच हरत होते. सरांच्या बॉलला न घाबरलेला मैदानावरचा एकच माणूस होता, बाबा, आणि आम्ही त्यालाच काढायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सेक्रेटरींच्या दारात उभी राहिले. ते दाढी करत होते.

"फायनलला बाबाच राहू देत."

"अहो ताई, परवा तर तुम्हीच..."

"परवा चुकीचं बोलले. कमिटीला तसं सांगा. नाहीतर मीच येऊन सांगते."

त्यांनी गालावरचा फेस पुसला आणि मला आत बोलावलं.