स्टेज म्हणजे टप्पा
कुवेत सिटीतल्या एका कन्सल्टंटकडे मी पंधरा वर्षं ड्राफ्ट्समन आहे. इमारत कुठलीही असो, नकाशा काढताना माझा हात डगमगत नाही. फजिती एकदाच झाली.

आमच्या एका कुवेती गिऱ्हाइकाने इंग्लंडमधली जुनी सराई विकत घेतली. तिचं हॉटेल करायचं, म्हणून तिकडून मोजमापं आणि फोटो आले. मोजमापांच्या कच्च्या नकाशात अंगणाच्या जागी जुनी टीप होती, 'स्टेज'. मी इथल्या मराठी मंडळाच्या नाटकात दरवर्षी तोंडाला रंग फासणारा माणूस. अंगणात ऐसपैस रंगमंच काढून मोकळा झालो. भोवती लाकडी सज्जे होतेच, प्रेक्षकांची सोय झाली!

"अरे, नाटक नाही, घोडागाड्यांचं स्टेज!" आमचे इजिप्शियन इंजिनिअर साहेब ओरडले. ऑफिसभर हशा पिकला. "यापुढे डोकं चालवू नकोस. सांगेन तेवढंच काढ." मला फार लागलं ते. एका शब्दापायी पंधरा वर्षांची पत गेली.

घरी जाताना बनेद अल-गारच्या सिग्नलला शब्द सापडला: टप्पा. आमच्या गावाबाहेर, घाटाच्या पायथ्याशी एक माळ आहे, त्याला अजून टप्पाच म्हणतात. टपालाचे टांगे तिथे घोडे बदलायचे. मग सराई आपोआप उलगडली. कमानीतून गाडी आत, दमलेले घोडे मागच्या तबेल्यात, ताजे जुंपले की पुन्हा रस्त्याला. पुढे रेल्वे आली आणि तबेल्यांत अडगळ भरली.

आठवड्याने साहेब म्हणाले, "कमान उगाच उंच आहे. मध्ये स्लॅब टाक, वर एक खोली निघेल."

मी माउसवरचा हात काढला. "नाही साहेब. माणसं गाडीच्या टपावरही बसायची. त्यांची डोकी शाबूत राहावीत म्हणून ती उंच आहे. ती बुजवली तर सराई उरणार नाही."

"परत नाटक?"

"कोपऱ्यातले दगड बघा."

त्यांनी फोटो मोठा केला. कमानीच्या दोन्ही पायांशी दगड होते, चाकांनी घासून खोलगट झालेले. "गाड्या इथूनच जायच्या तर. स्लॅब राहू दे," साहेब म्हणाले.

नकाशे उघड्या कमानीसह छापून आले. माझं नाव नेहमीसारखं 'ड्रॉन बाय'च्या चौकटीत होतं. शेजारची 'चेक्ड बाय' साहेबांची, ती रिकामी होती. त्यांनी पेन माझ्याकडे सरकवलं. "इथेही तूच कर."

मी सही केली. हात मात्र डगमगला.