आबांचा अनवाणी इलाज

"हूकवर्म," डॉक्टर म्हणाले आणि रिपोर्ट आमच्याकडे सरकवला. आमच्या ह्यांनी लगेच खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

बीडच्या त्या दवाखान्यात आम्ही ह्यांचं रक्त कुठं मुरतंय ते शोधायला आलो होतो. हिमोग्लोबिन, म्हणजे अंगभर प्राणवायू पोचवणारा रक्तातला लाल घटक, निम्म्यावर आलं होतं. जिना चढताना हे मधेच पायरीवर बसले. घरात सगळ्यांनी कॅन्सरची धास्ती घेतली होती. एन्डोस्कोपी झाली, म्हणजे तोंडातून नळी घालून आतून पाहिलं. मग संडासची तपासणी झाली, आणि निघाले काय, तर जंत. हूकवर्म म्हणजे अंकुशकृमी. दोऱ्याएवढा बारीक असतो, आतड्याला चावून लटकतो आणि रक्त पितो.

"हा माणसाच्या विष्ठेतून ओल्या मातीत येतो आणि तिथून तळपायाच्या कातडीत शिरतो," डॉक्टरांनी समजावलं. "तुम्ही अनवाणी चालता का?"

"नवस हाय," हे म्हणाले.

नवसबिवस काही नव्हता. मी शेजारी बसून ऐकत होते आणि माझं डोकं तापत होतं.

खरं दुखणं नाकाचं होतं. दुष्काळात आमच्या गावच्या दूध सोसायटीनं जनावरांसाठी चारा छावणी उघडली. हे सोसायटीचे चेअरमन. गाव ह्यांना आबा म्हणतं. कडब्याची गाडी रिकामी व्हायला लागली की ह्यांना शिंका सुरू व्हायच्या, त्या थांबायचं नाव नाही. डोळे सुजायचे, छाती वाजायची. नगरच्या डॉक्टरांनी अॅलर्जिक ऱ्हायनायटिस सांगितलं, म्हणजे धुळीला नाक उगाच चवताळून उठतं. नाकात मारायचा फवारा दिला. तो मारला की आराम पडायचा. पण चारचौघांत नाकात फवारा मारायची ह्यांना लाज. आणि विरोधी पार्टी म्हणत होती की ज्याला छावणीत उभं राहता येईना, तो छावणी काय चालवणार? खुर्ची जाते की काय, ही भीती शिंकेपेक्षा मोठी होती.

अशात पुण्याचा भाचा आला. उंटावरचा शहाणा. त्यानं मोबाइलवर वाचलेलं सांगितलं की शरीराची पहारा देणारी यंत्रणा पूर्वी जंतांशी झुंजायची; आता जंत नाहीत, म्हणून ती धुळीवर तुटून पडते. जंत परत पोटात सोडले की ते स्वतःच्या बचावासाठी तिला शांत करतात. परदेशात म्हणे लोक मुद्दाम जंत घेतात. हे सगळंच थोतांड नाही, ते मला मागाहून कळलं. पण तिकडे मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली देतात आणि तरी गुण येईलच असं कुणी छातीठोक सांगत नाही, एवढं मात्र भाचा वाचायचं विसरला.

हे दुसऱ्या दिवसापासून अनवाणी. तापलेल्या भुईत जंत कुठले जगायला? म्हणून हे ओल शोधत गेले. छावणीमागं पाण्याची टाकी गळायची, तिथं झुडपांच्या सावलीला चिखल असायचा. छावणीतली बायामाणसं आडोसा म्हणून तिथंच परसाकडं जायची. आमचे चेअरमन पहाटे तिथं पाय चोळत उभे राहायचे. एके दिवशी तळपायावर लाल पुरळ आलं, खाज सुटली, तर पोरगा पास झाल्यासारखे नाचत आले. "शिरले बघ, शिरले!"

लोकांना वाटलं, आबांनी पावसासाठी नारायणगडाला नवस बोललाय. माणसं वाकून पाया पडायला लागली, हार घालायला लागली. ह्यांनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही. विरोधी पार्टी गप्प झाली.

शिंका कमी झाल्या, हेही मी खरं ते सांगते. जंतांनी झाल्या की कडबा संपून छावणीत ऊस यायला लागला म्हणून झाल्या, देव जाणे. पण ह्यांचा विश्वास बसला आणि पहाटेच्या फेऱ्या वाढल्या. जंत एवढं रक्त पितात, हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं.

त्या दिवसांत छावणीतली कमल माझ्याकडे सारखी यायची. ऊसतोडीहून परतलेली, अंगावर पितं मूल, चेहरा पांढराफटक. "वैनी, आबाला म्हणा की, बायांसाठी संडास बांधा. पत्रे तर येऊन पडलेत. लई हाल हायेत." मी ह्यांना सांगायचे आणि हे म्हणायचे, पुढच्या हप्त्यात. मला वाटायचं, नेहमीची चालढकल.

दवाखान्यात ह्यांना रक्त चढत होतं तेव्हा मी सहज विचारलं, "ते पत्रे कशापायी पडू दिले?"

हे छताकडं बघत म्हणाले, "तिथं संडास बांधला तर माझी चिखलाची जागा जाती."

इतकी वर्षं ज्या माणसाबरोबर संसार केला, त्याची मला त्या दिवशी किळस आली. मग उठले आणि डॉक्टरांना सगळं सांगून टाकलं.

डॉक्टर हसले नाहीत. "त्या मातीत किती अळ्या आहेत आणि सोबत आणखी कोणते रोग आहेत, हे तुम्हाला कसं कळणार? उशीर झाला असता तर हृदयावर ताण येऊन माणूस गेला असता," ते म्हणाले. त्यांनी अल्बेंडाझोल लिहून दिली, म्हणजे शाळेत पोरांना फुकट वाटतात तीच जंताची गोळी.

ह्यांनी गोळी तळहातावर धरली. घेईनात. शिंका परत येतील म्हणे. मी म्हटलं, "गोळी गिळा आणि संडास बांधा, मी कुणाला काही सांगणार नाही. नाहीतर आत्ता छावणीत फोन लावते." तेव्हा गिळली.

तुमच्या घरात कुणी असं वेड घेऊन बसलं असेल, तर गप्प राहू नका, डॉक्टरांना सांगा. अॅलर्जी कटकटीची असते, पण तिला फवारा आहे. रोगापेक्षा इलाज भयंकर, हे आम्ही पैसे मोजून शिकलो.

संडास झाले. उद्घाटनाला मंडप, माइक. भाषण करणारा म्हणाला, आबांनी अनवाणी राहून छावणीचं दुःख अंगावर घेतलं. टाळ्या पडल्या. आणि आमचे हे उठले, डॉक्टरांनी ताकीद देऊन घालायला लावलेल्या चपला काढून बाजूला ठेवल्या आणि हात जोडून उभे राहिले. समोरून कमल आली आणि मुलाला कडेवर घेऊनच ह्यांच्या पायावर वाकली. उठताना तिला भोवळ आली.

मी शब्द दिला होता, तो तिथं मोडला. तिला सावरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्यांच्या पाया पडू नको. नवस नव्हता. तुमच्या त्या चिखलातले जंत पोटात घ्यायला हे अनवाणी फिरत होते. संडास त्याच्यासाठीच रखडले."

कमलनं विचारलं, "मंग माझ्या बी पोटात तेच असतील?"

"तेच असतील, बाई."

"मला तर कुनी हार न्हाई घातला, वैनी."

मी तिला गाडीत बसवलं आणि रक्त तपासायला घेऊन गेले. चेअरमनसाहेब घरी कसे पोचले, ते मी आजवर विचारलेलं नाही.