मी लिहायचं, त्याने वाचायचं

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आई पाचूबंदरच्या बाजारात मासळीची टोपली घेऊन बसायची, बाबा होडीवर. मी बी.ए. केलं, आणि लग्नानंतर दोन वर्षं दर रविवारी वसईला जाऊन बायबलचा अभ्यासक्रम पुरा केला. परीक्षा दिली, पास झाले. हे मी मिरवते, मिरवायलाच हवं.

म्हणून ईस्टरआधीच्या उपवासकाळात शुक्रवारच्या क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेनंतर आळीच्या क्रुसापाशी अर्धा तास बायबल शिकवायला फादरनी मला सांगितलं. आळीतल्या बाप्यांच्या पोटात लगेच दुखायला लागलं.

हे बाप्ये म्हणजे कोण? रविवारी मिस्सात प्रवचन सुरू झालं की चर्चबाहेर जाऊन उभे राहणारे. लहानपणी यांना क्रुसाची खूण करायला शिकवलं ते आईने, पहिल्या कम्युनियनची तयारी करून घेतली ती सिस्टरने. तेव्हा बाईकडून शिकताना यांचं काही बिघडलं नाही. मिशा फुटल्यावर एकदम बिघडायला लागलं.

त्यांच्यातले सगळ्यात वडील काका माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"तू शिकलीस ते बरंय गो बाय, पन बाप्यांना बाईने शिकवायचं म्हंजे कसं दिसतं?"

"कोणाला कसं दिसतं, काका?"

"लोकांना. तू असं कर, लिहून दे. आपला कारकून वाचेल. त्याचा आवाज मोठा आहे."

म्हणजे डोकं माझं चालेल, तोंड चालणार नाही. कारकून म्हणजे आमच्या आळीतला कोर्टातून रिटायर झालेला गृहस्थ. फादर म्हणाले, "या वर्षी जुळवून घे." फादरांना सगळ्यांशीच जुळवून घ्यायचं असतं. मी कागद दिले. माझं टिपण आधीच लिहून झालं होतं. दुसरं कोणी वाचणार म्हणून त्यातलं अक्षरही बदलायची मला गरज वाटली नाही.

धडा विहिरीवर येशूला भेटलेल्या शोमरोनी बाईचा होता. भर दुपारी ती एकटीच पाण्याला का आली, हे समजावायला मी माझाच अनुभव लिहिला होता.

शुक्रवारी बायका पुढे चटयांवर बसल्या, बाप्ये मागे खुर्च्यांवर, मोबाइल बघत. कारकून उभा राहिला आणि कोर्टातला कागद वाचावा तसा एका सुरात वाचत सुटला.

"सकाळी विहिरीवर बायका टोमणे मारतात म्हणून मीही दुपारी जात असे. तेव्हा मला सहावा महिना होता. एक हंडा डोक्यावर, एक कमरेवर..."

चटयांवर हशा फुटला. माझी सासू कधी हसत नाही. तीही पदर तोंडाला लावून हसत होती. कारकून थांबला, कागदावर तीच ओळ पुन्हा वाचली आणि कानापर्यंत लाल झाला.

मागे मात्र एकही बाप्या हसला नाही. हसायला आधी ऐकावं लागतं.

"काय झालं गो हसायला?" काकांनी मान वर केली.

"तुम्हीच सांगा काका. तुम्ही ऐकत होता ना?"

काकांची बायको पुढूनच ओरडली, "तुमच्या कारकुनाला सहावा महिना लागलाय!"

मग मागेही हसले. कारकुनाने कागद माझ्यापुढे धरले.

"उरलेलं तूच वाच, बाय."

"वाचनार नाही," मी म्हटलं. रागावले की माझ्या तोंडी आईची बोली येते. "शिकवीन. चालत असेल तर उभी राहते."

फादर क्रुसाकडे बघत राहिले. काकांनीही नको म्हटलं नाही. म्हणायला तोंडच उरलं नव्हतं. दोघे-तिघे उठून घरी गेले. त्यांना मी थांबवलं नाही, आणि आजही त्यांची मला काडीची खंत नाही.

मी उभी राहिले आणि धडा पहिल्या ओळीपासून सुरू केला, कारण तोवर वाचलेलं मागे कोणाच्याच कानात गेलं नव्हतं.