संदीपनं सदरा काढला

बाळाचे तळवे गार लागत होते आणि त्याच्या आजी, म्हणजे काकू, मला सुवेर शिकवत होत्या.

अंजनगाव सुर्जीतलं पानमळेवाल्यांचं घर. मी बाळ-बाळंतिणीच्या आरोग्याचं काम करते. घरोघर जाते, पत्रकं वाटते, वाद घालते. हे बाळ कमी वजनाचं, त्यात थंडीचे दिवस. आई टाक्यांच्या तापानं अमरावतीत भरती. पोट कोमट पण तळवे थंड, म्हणजे बाळाची ऊब कमी पडतेय. आरोग्य केंद्रात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, "गाडी पाठवतो. तोवर कांगारू केअर द्या."

म्हणजे काय, तर टोपी-लंगोट ठेवून बाळाला उघड्या छातीशी उभं धरायचं, वरून पांघरूण. यंत्र नको, वीज नको.

आमचंच पत्रक भिंतीवर होतं. काकूंनी त्यावरचं चित्र दाखवलं. "हे मायचं काम हाये. माय इथं न्हाई."

"मग बाप आहे ना!"

बाप, संदीप, दारातच उभा. सुवेर म्हणजे बाळंतपणाचा विटाळ. बारशापर्यंत बापानं बाळाला शिवायचं नाही. काकूंना स्वतःला खोकला, मी घरोघर फिरून आलेली, त्यामुळे आम्ही दोघी चालणार नव्हतो.

"बाळच गेलं तर बारसं कुणाचं करणार?" मी ओरडलेच. काकूंचा हात धरला आणि बाळाच्या तळव्याला लावला.

काकू पोरावर कडाडल्या, "पाहून काय राहिला बे? काढ सदरा!"

"ताईसमोर?"

"ताईले काय तुह्या छातीचं कवतिक!"

माझ्या ओढणीनं बाळ संदीपच्या छातीशी बांधलं. तेवढ्यात पानं न्यायला त्याचा मित्र टपकला. "काय बे संद्या, बाळंतीण तू झाला का?"

"हो," संदीप जागचा हलला नाही. "डिंकाचे लाडू आन."

गाडीतही बाळ छातीशीच. केंद्रावर डॉक्टरांनी आधी तळवे चाचपले. गरम! बाळाची आई बरी होऊन आली, तेव्हा तिला आपलं लेकरू नवऱ्याकडून मागून घ्यावं लागलं.

ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी म्हटलं, पत्रकावर बाप हवा.

"मंजूर चित्र आईचं आहे," साहेब म्हणाले. "लोक हसतील."

"हसू द्या सर. अंजनगावातही हसले. बाळ जगलं."

तीन मीटिंगा भांडले. आता पत्रकावर मिशीवाला, उघड्या छातीचा बाप आहे. खालची ओळ माझी: ऊब द्यायला बाळंत व्हावं लागत नाही, सदरा काढावा लागतो.