दोराला हात लावणारी

ठोसरबाईंच्या नजरेत जमना तामोरे भरली ती कॉलेजच्या पहिल्याच दिवशी, आणि तीही चुकीच्या कारणाने. १९६८ चा जून. पालघरचे कॉलेज नवे आणि बाईंची प्राध्यापकीही नवीच. साहित्याच्या वर्गासाठी त्यांनी पाच नियम स्वतःच्या हाताने लिहून आणले होते, आणि ते फळ्याशेजारी टाचून त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले. हजेरीनंतर दहा मिनिटांनी दार बंद होईल. धडा घरून वाचून यायचा. आठवड्यातून एकदा तरी प्रत्येकाने वर्गात बोलायचे. गाइडला हात लावायचा नाही. निबंध ज्याचा त्यानेच लिहायचा. दोन निबंध सारखे निघाले तर दोघांचीही टर्म जाईल.

"काही शंका?"

मागच्या बाकावरून एक लांब हात वर आला. "बाई, दार तुमच्या हातात हाय, गाडी नाय. बोईसरलाच गाडी अडली तर आमी काय पळत येऊ?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "बोललात ना? या आठवड्याचा तुमचा तिसरा नियम पार पडला. बसा," एवढेच म्हणाल्या.

जमना घिवली या कोळ्यांच्या गावची. तिच्या शेजारी बसायची ती हंसा पागधरे, तिच्याच आळीतली. दोघी पहाटे गावातून निघत, बोईसरला गाडी पकडत आणि दार बंद होता होता आत शिरत. हंसा अबोल, पण तिचे लिखाण नीट. जमना बडबडी. तिच्या वहीत मात्र पानाच्या अर्ध्यावरच सारे संपत असे. हंसाच्या वडिलांनी, देवूने, मुलीला शिकायला धाडताना बजावले होते, "एक टर्म जरी चुकली तरी घरी बसशील." ही गोष्ट हंसाने बाईंच्या कानावर घातली होती. जमनाच्या घरचे काय म्हणतात, ते बाईंनी कधी विचारले नाही.

ऑक्टोबरात पहिला निबंध आला. विषय होता वर्गात शिकवलेली समुद्रावरची एक कविता. हंसाचा निबंध वाचताना बाई एका वाक्यावर थांबल्या. 'कवी समुद्राकडे बघतो, तेव्हा त्याचे हात मोकळे असतात.' वाक्याखाली त्यांनी दोनदा रेघ ओढली. पुढचा निबंध हातात घेतला, तर तेच वाक्य पुन्हा समोर. मग पुढची ओळही तीच, परिच्छेदही तोच. वर नाव होते जमनाचे.

दुसऱ्या दिवशी बाईंनी दोघींना बोलावून घेतले.

"हा कुणी लिहिला?"

"दोघींनी," हंसा म्हणाली.

"एक निबंध दोघी कशा लिहितील?"

"बाई, घरी बोंबील वाळत घालायचे दिवस आहेत. चार दिवस माझ्या वाटणीचं काम हिनं केलं, म्हणून मला बसून लिहिता आलं. बोट वाळूवर ओढताना जो दोराला हात लावतो, त्याला मासळीत वाटा मिळतो. मग हिला तो नको?"

"हा वर्ग आहे, बंदर नाही."

जमनाने मान वर केली. "बाई, बोंबील बी जोडीनंच घालतात. तोंडात तोंड अडकवून. एकटा असंल तर दोरीवर ऱ्हात नाय."

बाईंना राग आला. आपण इतके आखून दिले आणि या पोरी मासळीच्या गोष्टी सांगतायत! दोन्ही निबंध त्यांनी प्राचार्यांच्या पुढ्यात ठेवले. प्राचार्य म्हणाले, "एकीनं दुसरीच्या नकळत उतरवला असेल तर एकीचीच टर्म जाईल. ठरवून केलं असेल तर दोघींची. शनिवारपर्यंत मला लिहून द्या." बाईंनी हे तसेच दोघींना ऐकवले.

तेव्हा कुठे बाईंना देवूचे शब्द आठवले आणि त्यांना रात्रीचा घास गोड लागेना. नियम त्यांचाच, अक्षरही त्यांचेच. मोडावा तर वर्गापुढे कोणत्या तोंडाने उभे राहायचे?

शनिवारी जमना एकटीच आली.

"मी चोरला, बाई. हंसाच्या पिशवीतून."

"जमना, खोटं बोलू नकोस."

"आता चोर सवताच सांगतो तरी तुमी ऐकंनात?" ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "तुमच्या त्या कागदावर चोराला जागा हाय. वाटेकऱ्याला नाय. मंग मी काय करू? लिवा, चोरला म्हणून."

बाईंना कळत होते की ही धादांत खोटे बोलते आहे. हेही कळत होते की त्यात सगळ्यांचीच सोय आहे. हंसाची, प्राचार्यांची आणि आपलीही. त्यांनी लिहिले. लिहिताना जमना टेबलापाशी उभी होती आणि दौत कलंडू नये म्हणून तिने एका हाताने ती धरून ठेवली होती.

जमनाची टर्म गेली. हंसाला हे कळले तेव्हा ती रडली नाही, पण त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिसऱ्या नियमापुरते आठवड्याला एकच वाक्य बोलली. परीक्षा झाल्यावर मात्र ती बाईंना भेटायला आली.

"बाई, तुम्ही दोनदा रेघ मारलेलं वाक्य माझं नव्हतं. मी कविता वाचून दाखवत होते. जमना कोपरापर्यंत मासळीत होती. तीच म्हणाली, 'या कवीचे हात मोकळेच दिसतात गं.' मी फक्त ते लिहून काढलं."

"तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"दोघींनी लिहिला, असं सांगितलं होतं की."



जूनमध्ये बाईंनी हंसाबरोबर निरोप धाडला, जमनाने पुन्हा नाव घालावे, फीचे बघू. हंसा उत्तर घेऊन आली, "बाईंना सांग, आता हात मोकळे नाय." मोठ्या भावाची बायको बाळंतपणात गेली होती आणि घरातली दोन लहान मुले जमनाच्या अंगावर पडली होती.

त्या वर्षी बाईंनी नियम पुन्हा लिहिले. पाचवा काढावासा वाटला, पण गाइडवरून उतरवणारे काही कमी नव्हते. तो तसाच ठेवून खाली एक ओळ वाढवली. निबंधासाठी ज्याची मदत झाली, त्याचे नाव शेवटी लिहावे. मुले खुसखुसली. एकाने आईचे नाव लिहिले, एकाने चहावाल्याचे. जमनाचे नाव लिहायला त्या वर्गात कुणी नव्हते, कारण हंसा पुढच्या वर्गात गेली होती.

हंसा बी. ए. झाली आणि मनोरच्या शाळेत लागली. जमनाने भावाची दोन्ही मुले वाढवली आणि पुढे लग्न केले ते तारापुरात. आता ती बोईसरच्या बाजारात सुकी मासळी विकते. मंगळवार आणि शुक्रवार घरी मासळी वाळत घालायचे, ते सोडून रोज सकाळी आठला येऊन बसते.